नांगराच्या खाली काम चालू असते का?

जमिनीच्या खोल थरांतील सूक्ष्मजीव आणि त्यांची विकरे (एन्झाइम) या विषयावर गेल्या अंकात एक छोटे टिपण आले होते. त्यात एवढेच म्हटले होते की, आपण मातीची तपासणी वीतभर खोलीपर्यंत करतो, परंतु पिकांची मुळे आणि जमिनीतील कर्ब (कार्बन) त्याहून पुष्कळ खाली असतो आणि तेथील विकरांची क्रिया दुर्लक्षित राहते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे संक्षिप्त करून उत्तरांसह येथे देत आहोत.

प्रश्न : आमच्या शेतात विहिरीचे काम चालू असताना मातीचे थर उघडे पडले. वर काळी माती, तीन-चार फुटांवर चुनखडीचे खडे आणि त्याखाली मुरूम दिसला. माझी भाची कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकते. तिने या थरांचे नमुने तपासले, तेव्हा खालच्या नमुन्यांत डीहायड्रोजनेज या विकराची क्रिया जवळजवळ नाहीशी झालेली आढळली. मग खालची माती मेलेली आहे, असेच समजायचे का?
— एक शेतकरी, परभणी जिल्हा

उत्तर : नाही. मात्र आपल्या भाचीचे मापन चुकले आहे, असेही नाही. आकडा बरोबर असावा. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा घाईचा आहे.

विकरे ही प्रथिने असतात. पालापाचोळा, मेलेली मुळे आणि बुरशीचे अवशेष यांतील सेल्युलोज, कायटिन किंवा प्रथिने यांचे रेणू इतके मोठे असतात की, जिवाणूंना ते जसेच्या तसे पेशीत घेता येत नाहीत. म्हणून जिवाणू आणि बुरशी आपली विकरे पेशीबाहेर सोडतात, रेणू बाहेरच तोडले जातात आणि विरघळलेले तुकडे मग आत शोषले जातात. बीटा-ग्लुकोसिडेज सेल्युलोजच्या तुकड्यांपासून ग्लुकोज मोकळे करते, फॉस्फेटेज सेंद्रिय स्वरूपात अडकलेला स्फुरद (फॉस्फरस) सोडवते आणि युरिएज युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करते. यांपैकी अनेक विकरे ती बनवणारी पेशी मेल्यानंतरही चिकणमातीच्या किंवा ह्युमसच्या (कुजून बनलेल्या सेंद्रिय पदार्थाच्या) आश्रयाने टिकून राहतात. हजारो वर्षे गोठून राहिलेल्या मातीतही युरिएजची क्रिया आढळलेली आहे. डीहायड्रोजनेज मात्र या गटातले नाही. ते जिवंत पेशीच्या आत, श्वसनाच्या प्रक्रियेत काम करते आणि पेशीबरोबरच संपते. त्यामुळे त्याचा आकडा म्हणजे त्या थरात त्या वेळी किती पेशी क्रियाशील होत्या याचा अंदाज असतो, आणि खोलीबरोबर तो वेगाने उतरणे हे अपेक्षितच आहे.

आता खरा मुद्दा. तक्त्यातील आकडा सहसा दर ग्रॅम मातीमागे दिलेला असतो. खालच्या एका ग्रॅममध्ये सूक्ष्मजीवच कमी असतील, तर विकरेही कमीच भरणार. प्वेर्तो रिको बेटावरील लुकिओ येथील उष्णकटिबंधीय जंगलात संशोधकांनी १४० सेंटीमीटर खोलीपर्यंतच्या मातीत विकरांची क्रिया मोजली. दर ग्रॅम मातीमागे ती खोलीबरोबर झपाट्याने घटली, परंतु तोच आकडा सूक्ष्मजीवांच्या जैवभाराने (म्हणजे त्यांच्या एकूण वजनाने) भागल्यावर खालच्या थरांतील क्रिया वरच्याइतकीच, काही विकरांच्या बाबतीत तर वरच्यापेक्षाही अधिक निघाली. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. तो एका जंगलातील मातीचा आहे, परभणीच्या काळ्या मातीचा नव्हे, हे लक्षात ठेवूनही त्यातून एवढे नक्की दिसते की, खाली राहणारे थोडे सूक्ष्मजीव निष्क्रिय असतातच असे नाही.

याशिवाय जाडीचा हिशेब आहे. वरचा सुपीक थर फूटभर असतो आणि त्याखालचा थर त्याच्या कित्येक पट जाड असतो. कॅलिफोर्नियातील गवताळ जमिनीत दोन मीटर खोलीपर्यंत केलेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सूक्ष्मजीवांच्या एकूण जैवभारापैकी सुमारे ३५ टक्के भाग २५ सेंटीमीटरच्या खाली आढळला. दर ग्रॅममागे नगण्य वाटणारी गोष्ट संपूर्ण जाडी धरल्यावर नगण्य राहत नाही. आपल्या भाचीने तक्त्यात आणखी दोन रकाने घालावेत: एक जैवभाराच्या प्रमाणात काढलेल्या क्रियेचा आणि दुसरा थराची जाडी व घनता धरून दर चौरस मीटरमागे काढलेल्या क्रियेचा. जैवभाराच्या रकान्यासाठी डीहायड्रोजनेजऐवजी फॉस्फेटेज किंवा बीटा-ग्लुकोसिडेज घेतल्यास चित्र अधिक बोलके होईल. प्रबंधांमध्ये हे रकाने क्वचितच दिसतात आणि त्यामुळेच "खाली काही नाही" हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, असे आमचे मत आहे.

प्रश्न : प्रयोगशाळेत खालच्या थरांचे नमुने घेऊन गेलो, तेव्हा "ताजे आणि थंड ठेवलेले नमुने आणा, उन्हात वाळवलेले नकोत" असे सांगून परत पाठवले. साध्या माती परीक्षणाला तर वाळवलेली मातीच लागते. हा फरक कशासाठी? आणि ही क्रिया मोजतात तरी कशी?
— एक पदवीधर, कोल्हापूर

उत्तर : प्रयोगशाळेचे म्हणणे योग्य आहे. स्फुरद किंवा पालाश वाळवल्याने उडून जात नाही. विकर हे प्रथिन असल्याने उष्णतेने आणि सुकण्याने बिघडते, आणि डीहायड्रोजनेजच्या बाबतीत तर ती पेशीच मरते. म्हणून नमुना बर्फाच्या पेटीतून आणावा, दोन मिलिमीटरच्या चाळणीने चाळून सुमारे ४ अंश सेल्सिअसला ठेवावा आणि शक्य तितक्या लवकर तपासावा.

मोजण्याची रीत अशी की, मातीत विकराला तोडता येईल असा एक कृत्रिम पदार्थ घालतात आणि तो तुटल्यावर निर्माण होणारा रंग मोजतात. फॉस्फेटेजसाठी पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट वापरतात. ते तुटले की पिवळ्या रंगाचे नायट्रोफिनॉल मोकळे होते. तबाताबाई आणि ब्रेमनर यांनी १९६९ साली मांडलेली ही पद्धत आजही प्रचलित आहे. त्यात माती ३७ अंशांना तासभर ठेवतात. डीहायड्रोजनेजसाठी टेट्राझोलियम क्लोराइड घालतात, त्याचे लाल फॉर्माझान बनते आणि मिथेनॉलने ते बाहेर काढून रंगाची तीव्रता वाचतात.

येथे एक मर्यादा ध्यानात घेतलीच पाहिजे. या चाचणीत मातीला भरपूर पाणी, भरपूर खाद्य आणि ३७ अंशांची ऊब दिली जाते. शेतात चार फुटांवर यांपैकी काहीही एकाच वेळी मिळत नाही. त्यामुळे मिळणारा आकडा क्षमतेचा असतो, तेथे प्रत्यक्ष चाललेल्या कामाचा नसतो. वरच्या थरापेक्षा खालच्या थरात या दोहोंतील अंतर मोठे असण्याची शक्यता अधिक, कारण खाली विकर आणि त्याचे खाद्य यांची गाठच दुर्मीळ असते.

नमुना घेण्याबाबत एक सूचना. खड्डा खणून नमुने घेणार असाल, तर सर्वांत खालच्या थरापासून सुरुवात करून वर यावे. वरून खाली आलात, तर वरची सकस माती घरंगळून खालच्या नमुन्यात मिसळते, आणि ज्या थरात विकरे मुळातच थोडी आहेत तेथे चिमूटभर मिसळ झाली तरी आकडा फुगतो. काळ्या मातीत उन्हाळ्यातील भेगा टाळून नमुना घ्यावा किंवा भेगेतील नमुना वेगळा ठेवावा. त्याचे कारण पुढील उत्तरात येईल.

प्रश्न : जमिनीच्या खोल थरांतील सेंद्रिय कर्ब हजारो वर्षे जुना असतो, असे वाचनात आले. तो खाणारे सूक्ष्मजीव तेथे आहेत आणि तोडणारी विकरेही आहेत, तर तो इतकी वर्षे शिल्लक कसा राहिला? आणि तापमान वाढल्यावर तो शिल्लक राहील का?
— एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, नागपूर

उत्तर : आपला प्रश्न या विषयाच्या गाभ्याला हात घालणारा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम या साठ्याचा आकार पाहू. जगभरच्या मातीत पहिल्या मीटरमध्ये सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे आणि दुसऱ्या व तिसऱ्या मीटरमध्ये मिळून आणखी आठशे अब्ज टनांहून अधिक कर्ब आहे, असा अंदाज २००० साली मांडला गेला. म्हणजे खालचा भाग हा उरलासुरला अवशेष नव्हे.

हा कर्ब टिकण्याचे एक कारण भौतिक आहे. मातीच्या कणांच्या एकूण पृष्ठभागापैकी एक टक्क्याहूनही कमी भागावर सूक्ष्मजीवांची वस्ती असते, असे मानले जाते. खालच्या थरांत ती वस्ती आणखी विरळ होते आणि जुन्या मुळांच्या नळ्या, गांडुळांची बिळे, भेगांच्या कडा अशा ठिकाणी एकवटते. या जागांवर विकरांची क्रिया आजूबाजूच्या मातीच्या कित्येक पट असू शकते आणि तेथून अगदी थोड्या अंतरावर जवळजवळ काहीच नसते. जुन्या कर्बाचा रेणू एका बाजूला, विकर दुसऱ्या बाजूला आणि मधे पाण्याची सलग फिल्मही नाही, अशी स्थिती वर्षानुवर्षे राहते.

दुसरे कारण चिकणमातीचे आहे, आणि काळ्या मातीत ते ठळकपणे दिसते. दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या या मातीत स्मेक्टाइट या खनिजाचे प्रमाण मोठे असते. शुद्ध स्मेक्टाइटच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग सातशे चौरस मीटरच्या आसपास भरतो. एवढ्या पृष्ठभागावर सेंद्रिय पदार्थ चिकटतात तशी विकरेही चिकटतात. चिकटलेले विकर प्रथिने तोडणाऱ्या इतर विकरांपासून वाचते, म्हणून दीर्घकाळ टिकते, पण त्याची क्रिया मंदावते, कारण त्याचा कार्यकारी भाग झाकला जातो किंवा त्याची घडी बदलते. टिकाऊपणा आणि कार्यक्षमता यांची येथे अदलाबदल होते. त्याच वेळी काळी माती उन्हाळ्यात मीटरभर किंवा त्याहून खोल भेगाळते, वरची भुसभुशीत माती आणि धसकटांचे तुकडे त्या भेगांत पडतात आणि पावसाळ्यात माती फुगून त्या बंद होतात. खालच्या थराला ताजे खाद्य पोहोचवण्याची ही या मातीची स्वतःची रीत आहे. काळ्या मातीत कर्ब खोलीबरोबर इतर अनेक मातींपेक्षा हळू घटतो, त्याचे हे एक कारण आहे.

तिसरे कारण ऊर्जेचे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. विकर बनवायला जिवाणूला नत्र आणि ऊर्जा दोन्ही खर्च करावी लागतात. जुना, चिवट कर्ब तोडून मिळणारी ऊर्जा त्या खर्चाला पुरत नसेल, तर तो जिवाणू विकर बनवतच नाही. फ्रान्समधील मासिफ सेंत्राल या डोंगराळ प्रदेशातील गवताळ जमिनीतून ६० ते ८० सेंटीमीटर खोलीवरची माती काढून केलेला एक प्रयोग २००७ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या खोलीवरील कर्बाचे वय सुमारे अडीच हजार वर्षे होते. त्या मातीत नुसते सेल्युलोज घातल्यावर सूक्ष्मजीव जागे झाले आणि त्यांनी सेल्युलोजबरोबर तो प्राचीन कर्बही श्वसनात खर्च करायला सुरुवात केली. म्हणजे कर्ब टिकून होता, तो तोडता येत नव्हता म्हणून नव्हे, तर तोडणाऱ्याला ताजे खाद्य मिळत नव्हते म्हणून. प्रत्येक मातीत हेच घडेल असे नाही. तरीही "खोल मुळांची पिके लावा, कर्ब आपोआप साठेल" या घोषणेवर हा प्रयोग एक मोठे प्रश्नचिन्ह उभे करतो, आणि ते प्रश्नचिन्ह घोषणा देणाऱ्यांनी वाचलेले दिसत नाही.

तापमानाबद्दल आपण विचारले आहे. विकरांची क्रिया सामान्यतः दर दहा अंशांमागे सुमारे दुपटीने वाढते, परंतु खालच्या थराला दिवस-रात्रीच्या चढउताराची झळ जवळजवळ लागत नाही, म्हणून तो सुरक्षित आहे असे बराच काळ गृहीत धरले गेले. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात, ब्लॉजेट येथील जंगलात संशोधकांनी जमीन एक मीटर खोलीपर्यंत चार अंशांनी तापवून पाहिली. मातीतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड ३४ ते ३७ टक्क्यांनी वाढला आणि या वाढीपैकी सुमारे ४० टक्के भाग १५ सेंटीमीटरच्या खालून आला. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा खालचा साठा उबेला बधिर आहे, असे यापुढे म्हणता येणार नाही.

प्रश्न : द्राक्षबागेसाठी एक विक्रेता "खोल थरातील माती जिवंत करणारे एन्झाइमचे द्रावण" ठिबकमधून सोडायला सांगतो. लिटरमागे किंमत बरीच आहे. घ्यावे का? जमीन आरोग्य पत्रिकेत या विकरांचा उल्लेख का नसतो?
— एक बागायतदार, सांगली जिल्हा

उत्तर : आमचा सल्ला, घेऊ नये. मातीत ओतलेले मोकळे विकर दोन मार्गांनी निकामी होते: चिकणमाती ते धरून ठेवते किंवा सूक्ष्मजीव ते प्रथिन म्हणून खाऊन टाकतात. ठिबकच्या पाण्याबरोबर ते तीन फुटांवर कार्यक्षम स्थितीत पोहोचेल, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. शिवाय खालच्या थरात उणीव विकराची नसून खाद्याची, हवेची आणि काही ठिकाणी ओलाव्याची असते, हे वरील उत्तरांवरून स्पष्ट होईल. विक्रेत्याने आग्रहच धरला, तर द्रावण सोडण्यापूर्वी आणि नंतर, सोडलेल्या व न सोडलेल्या ओळींतील ६० सेंटीमीटरवरचे नमुने तपासलेला अहवाल त्याच्याकडे मागावा.

जमीन आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ साली सुरू झाली. तिच्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये असे बारा घटक तपासले जातात आणि नमुना साधारण १५ ते २० सेंटीमीटर खोलीवरचा असतो. खत किती द्यायचे, हे ठरवणे हा तिचा हेतू आहे आणि त्यासाठी ती पुरेशी आहे. ताजा, थंड नमुना लाखो शेतांतून प्रयोगशाळेत पोहोचवणे व्यवहार्य नाही, म्हणून विकरांचा त्यात समावेश नसणे समजण्यासारखे आहे. खोलीचा समावेश नसणे मात्र, विशेषतः फळबागांच्या बाबतीत, आम्हांला खटकते.

प्रश्न : आमची जमीन पूर्णा नदीच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात आहे. वरची माती बरी आहे, पण दोन फुटांखाली ती चोपण होत जाते आणि पाणी मुरत नाही. खोल नांगरट केली तर खालच्या थरात हवा जाऊन सूक्ष्मजीव आणि विकरे वाढतील का? की एखादे पीक हे काम करील?
— एक शेतकरी, अकोला जिल्हा

उत्तर : खोल नांगरटीच्या बाजूने एक पुरावा आहे, तो आधी सांगतो. जर्मनीत काही दशकांपूर्वी एकदाच ५५ ते ९० सेंटीमीटर खोल नांगरलेल्या शेतांची शेजारच्या नेहमीच्या नांगरटीच्या शेतांशी तुलना केली, तेव्हा खोल नांगरलेल्या शेतांत सेंद्रिय कर्बाचा साठा सरासरी ४० टक्क्यांहून अधिक भरला. वरची कसदार माती खाली गाडली गेली आणि तेथे तिचे विघटन मंदावले, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. पण हा दाखला आपल्या शेताला लावणे धोक्याचे आहे. तेथे खालून वर आलेली माती निरुपद्रवी होती. आपल्याकडे खालून वर येईल ती सोडियमयुक्त चोपण माती आणि चुनखडी. पेरणीचा थरच बिघडला, तर पुढची कित्येक वर्षे उगवणीला त्रास होईल.

आपल्या खालच्या थरातील विकरांच्या मंद क्रियेचे मूळ सोडियममध्ये आहे. सोडियममुळे चिकणमातीचे कण विखुरतात, सूक्ष्म पोकळ्या बुजतात, पाणी आणि हवा अडते. प्राणवायूशिवाय फिनॉल ऑक्सिडेजसारखी, लिग्निन (वनस्पतींतील चिवट, लाकडी पदार्थ) हाताळणारी विकरे चालतच नाहीत, आणि मुळे न पोहोचल्याने ताजे खाद्यही जात नाही. मातीतील विनिमयक्षम (मातीच्या कणांना चिकटलेले, पण बदलून निघू शकणारे) सोडियम १५ टक्क्यांवर गेले की जमीन चोपण, असे पाठ्यपुस्तक सांगते. पूर्णा खोऱ्यातील फुगणाऱ्या चिकणमातीत पाण्याचा निचरा त्याच्या बराच आधी बिघडतो, असे येथील अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणून पहिले काम ३०, ६० आणि ९० सेंटीमीटरवरचे विनिमयक्षम सोडियम तपासून घेण्याचे. त्यानुसार जिप्समची मात्रा ठरवावी आणि निचऱ्याचे चर काढावेत. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेते, पण सुटलेला सोडियम पाण्याबरोबर वाहून गेला तरच उपयोग, त्यामुळे निचरा नसताना नुसते जिप्सम टाकणे हा अर्धा खर्च आहे.

त्यानंतर पिकांचा विचार. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेत १९७६ पासून काळ्या जमिनीच्या एका पाणलोटात दोन पद्धती शेजारी-शेजारी चालवल्या गेल्या. एकीत पावसाळ्यात जमीन पडीक ठेवून रब्बीत ज्वारी किंवा हरभरा, ही जुनी रीत; दुसरीत रुंद वाफे व सऱ्या, पावसाळ्यातही पीक, तुरीसारखे कडधान्य आणि खतांची जोड. जवळजवळ पाव शतकानंतर १२० सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती तपासली, तेव्हा सुधारित पद्धतीतील कर्बाचा साठा अधिक होता. हा फरक वर्षाला हेक्टरी सुमारे तीनशे किलो कर्बाचा पडतो. सूक्ष्मजीवांचा जैवभारही त्याच पद्धतीत जास्त आढळला. आमच्या माहितीतील हा या प्रदेशाला सर्वांत जवळचा, दीर्घकालीन दाखला आहे. फ्रान्समधील प्रयोगाने निर्माण केलेल्या शंकेला तो पूर्ण उत्तर देत नाही, कारण त्यात जुना कर्ब किती गेला आणि नवा किती आला हे वेगळे केलेले नाही, पण जमाखर्चाची अखेरची शिल्लक वाढली एवढे तो निश्चित दाखवतो.

तुरीविषयी एक गैरसमज येथे दूर करावासा वाटतो. तुरीची मुळे पिसिडिक आम्ल सोडून लोहाशी बांधलेला स्फुरद सोडवतात, हे इक्रिसॅटमध्येच काम करणाऱ्या जपानी संशोधकांनी १९९० साली दाखवून दिले. ते काम तांबड्या जमिनीतील आहे आणि ती क्रिया आम्लाची आहे, विकराची नव्हे. काळ्या जमिनीत स्फुरद मुख्यतः कॅल्शियमशी बांधलेला असल्याने त्या गुणाचा लाभ तेथे कमी होतो. काळ्या जमिनीत तुरीचे मोल वेगळे आहे: तिचे सोटमूळ खोल जाते, पीक निघाल्यावर ते जागीच कुजते आणि त्याची नळी पुढच्या हंगामात हवा, पाणी व नवी मुळे खाली नेते. करडईचेही तसेच. म्हणून ही धसकटे उपटून जाळू नयेत, जमिनीलगत कापून मुळे आत राहू द्यावीत.

आपल्या शेतात हे बदल होत आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी दरवर्षी विकरे तपासण्याची गरज नाही. जिप्सम देण्यापूर्वी एकदा आणि त्यानंतर तीन-चार वर्षांनी पुन्हा, त्याच जागी, त्याच महिन्यात आणि वाफसा असतानाच नमुने घ्यावेत. त्यांत अल्कलाइन फॉस्फेटेज आणि डीहायड्रोजनेज ही दोनच विकरे तपासली तरी चालतील. वनस्पती स्वतः अल्कलाइन फॉस्फेटेज बनवत नाहीत, म्हणून त्याचा आकडा वाढला तर ती वाढ सूक्ष्मजीवांचीच आहे, असे धरता येते. ६० सेंटीमीटरवर डीहायड्रोजनेज वाढले आणि सोडियम उतरला, तर निचरा काम करतो आहे असे समजावे; सोडियम उतरूनही डीहायड्रोजनेज जागचे हलले नाही, तर मुळे अजून तेथे पोहोचलेली नाहीत, आणि मग खड्डा खणून ती कोठे अडली हे डोळ्यांनी पाहावे.